सदा चोगलेचे न उचललेले पैसे

"आई! बाबांचं नाव आहे यादीत!"

ऋतिका फाटकातूनच ओरडत आली. नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून तलाठ्याकडे गेली होती, ती तिथल्या बोर्डाचा फोटो काढूनच परतली. भागुबाई अंगणात बोंबील उलटे करत होती. हात माशांचे, म्हणून मोबाईल न घेता तिनं नुसती मान पुढं केली.

"तूच वाच. ते मुंगीएवढं मला कुठलं दिसतंय."

"'जेट्टीच्या कामामुळे बाधित मच्छीमार. न उचललेल्या रकमा.' एकोणचाळीस नंबर. सदा हिराजी चोगले. दोन लाख दहा हजार!"

ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या सासूचा, नीराबाईंचा, अडकित्ता थांबला. "सदानं पाठवले?"

"न्हाय गो आजी. सरकारकडं पडून आहेत. बाबांनी उचलले नाहीत म्हणून."

"मग पडू देत. आला की उचलेल."

त्या घरात हे असंच बोललं जाई. आठ वर्षांमागं आश्विनातल्या वादळात सदाची बोट फुटली. बोटीवर चौघे होते. तिघे तीन-चार दिवसांत कुठं कुठं किनाऱ्याला लागले, रडून झालं, दिवसकार्य झालं. सदा काही लागला नाही. पोलिसांनी बेपत्ता म्हणून लिहून घेतलं. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका तोंडं पाडून दारात आल्या तेव्हा भागुबाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले होते.

"कोणी बघितलंय त्यांना? बघितलंय का? मग माझ्या बांगड्यांना हात लावायचा न्हाय."

बायका परत गेल्या. तेव्हापासून कुंकू रोज, चुडा रोज. नीराबाई पहिली भाकरी सदाच्या ताटलीत काढून झाकून ठेवत, सकाळी ती कोंबड्यांना जाई. शिमग्याला वाड्यात माणशी पट्टी निघते, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषामागं एक वर्गणी. पहिल्याच वर्षी पट्टीवाला तुळशीराम म्हणाला होता, "वहिनी, राहू दे. तुझ्या घरची न्हाय घेत." भागुबाईनं नोटा त्याच्या वहीवर आपटल्या. "का? माझ्या घरात माणूस न्हाय?" तुळशीरामनं मुकाट्यानं सदाचं नाव लिहिलं, आणि पुढं दरवर्षी लिहीत गेला. जेट्टीवाल्यांनी मच्छीमारांची यादी मागितली तेव्हा त्यानं तीच वही उतरवून दिली.

"म्हणजे तुझ्या पट्टीनं सदाला सरकारदरबारी जिवंत ठेवला की गं," तुळशीराम आता यादी बघून हसत म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी कधीच उचलले. तू पण जा. पोरीची सोय होईल."

पोरीची सोय. दुसरं काही भागुबाईच्या डोक्यात नव्हतंच. तळा गावच्या बाजारात सुकी मासळी विकून दोन वेळचं भागत होतं, नर्सिंगची फी भागली नसती. आणि फी नाही भरली तर ऋतिकाला कोलंबी सोलायची शेड होती. बर्फात हात घालून दिवसभर उभं राहायचं. भागुबाईनं तिथं चार वर्षं काढली होती. तिची दोन बोटं अजून सरळ होत नव्हती.

* * *

कचेरीतल्या प्रांजली मॅडम वयानं लहान, पण बोलायला बऱ्या होत्या.

"स्वतः लाभार्थीला येऊ दे, मावशी. आधार कार्ड, पासबुक घेऊन."

"ते समुद्रावर गेलेत."

"मग कधी येतील?"

"आठ वर्षं झाली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. भागुबाईच्या कपाळाकडं बघितलं, हातातल्या चुड्याकडं बघितलं, आणि खुर्ची पुढं ओढली.

"मृत्यूचा दाखला आणा. वारस म्हणून तुम्हाला मिळतील. पण एक सांगते, नीट ऐका. ही रक्कम जेट्टीचं काम सुरू झालं तेव्हा जे मासेमारी करत होते त्यांची आहे. त्याला झाली तीन वर्षं. दाखल्यावर त्याच्या आधीची तारीख पडली तर मला काहीच करता येणार नाही. नाव खोडावं लागेल."

म्हणजे सदाला मारायचा, पण वेळेआधी नाही. एसटीत खिडकीला डोकं टेकून भागुबाई हेच घोकत होती.

घरी नीराबाईंनी आधी अडकित्ता फेकला, मग सुपारीचा डबा.

"पैशासाठी नवरा मारतेस? जीभ कशी वळते गं तुझी?"

"आये, पोरीकडं बघा."

"पोरीचा बाप हाय! तो बघेल!"

"आजी," ऋतिका तिच्या पायाशी बसली, "बाबा आले तर मी स्वतः जाऊन खोडून आणीन. तुझी शप्पथ. कागदच आहे तो."

नीराबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोणी न विचारताच म्हणाल्या, "कागदावर मेला तर मेला. या उंबऱ्याच्या आत न्हाय. हितं कोणी ते बोलायचं न्हाय."

* * *

शुभम वकील तालुक्याला नवा होता, म्हणून स्वस्त होता. त्यानं सांगितलं ते मात्र सरळ होतं.

"सात वर्षं माणसाची काही खबर नसली की कोर्ट त्याला मेला असं धरतं. कधी मेला ते धरत नाही. ते आपल्या फायद्याचं आहे, काकी. तुम्ही एवढंच म्हणायचं, सात वर्षांत फोन नाही, निरोप नाही, कोणी पाहिलं नाही. तारीख विचारली तर?"

"माहीत न्हाय."

"शाब्बास. झालं तुमचं काम."

काम काही लगेच झालं नाही. पेपरात नोटीस, पोलिसांचा कागद, तारखांवर तारखा. ऋतिकाची त्या सालची अ‍ॅडमिशन गेली. "पुढच्या वर्षी घेते," म्हणत ती शेडमध्ये जायला लागली. संध्याकाळी परतली की हात काखेत धरून बसे. भागुबाई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून तिला शेकायला देई.

साक्षीच्या दिवशी नीराबाई हट्टानं बरोबर आल्या. "माझ्या पोराविषयी काय काय बोलतायत ते मला ऐकायचंय." मागच्या बाकावर, काठी पायांत धरून बसल्या. पिंजऱ्यात उभी राहताना भागुबाईला उगाचच वाटलं, पदर नीट हवा.

शुभमनं विचारलं, ती घोकल्याप्रमाणे बोलली. फोन? न्हाय. निरोप? न्हाय. कोणी पाहिलं? न्हाय. शुभमनं "बस" म्हटलं आणि तो खाली बसला. दोन मिनिटांचं काम होतं.

पण जज्जसाहेब समोरचा जुना कागद वाचत होते. म्हातारे होते, आवाज मऊ होता. तो आवाज करडा असता तर कदाचित पुढचं काही झालं नसतं.

"बाई, तेव्हा पोलिसांना तुम्ही जबाब दिलाय, 'माझा नवरा जिवंत आहे, तो परत येणार.' आज म्हणता वारला. मला एवढंच सांगा, तुमची आशा कधी सुटली?"

भागुबाईनं शुभमकडं बघितलं. त्यानं पापण्या मिटून मान हलवली, माहीत नाही म्हणा. तिनं तोंड उघडलं. माहीत न्हाय. दोन शब्द तर होते.

"आशा नव्हतीच साहेब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिसऱ्या दिवशी मी किनाऱ्यानं शोधत गेले. एकटीच. सुरूच्या झाडांपाशी त्यांची जर्सी लागलेली. जर्सी म्हणजे, एक बाही. कोपराला मी जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवलेली. माझाच टाका." ती थांबली. "बाही रिकामी नव्हती साहेब."

टाईप करणाऱ्याची बोटं थांबली.

"मी कोणाला सांगितलं न्हाय. तिथंच सुरूखाली हातानं खड्डा केला, पुरलं. घरी आले तर आये दारात उभ्या, हातात चहाची किटली. म्हणाल्या, 'सदा थंडीनं गारठून येईल, चहा गरम ठेवलाय.' मग मी कसं सांगू? आज सांगीन, उद्या सांगीन. तेवढ्यात बायका आल्या बांगड्या फोडायला. एकदा न्हाय म्हटलं. मग न्हायच म्हणत राहायला लागलं."

"तारीख आठवते?"

"आठवते," भागुबाई म्हणाली, आणि तिनं ती सांगितली.

सांगून झाल्यावर तिला कळलं. शुभम टेबलावरचे कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होता. मागच्या बाकावर काठी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

बाहेर शुभम चिडला नाही. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "निकाल आता पटकन लागेल, काकी," एवढंच म्हणाला. "पुरावाच दिलात तुम्ही."

एसटीत दोघी एकाच सीटवर बसल्या. नीराबाई बाहेर बघत होत्या. म्हसळ्याचा फाटा गेला, घाट उतरला, वारा खारट लागायला लागला.

"आये, काहीतरी बोला. शिव्या द्या."

नीराबाई बाहेरच बघत म्हणाल्या, "आठ वर्षं माझ्या हातानं भाकरी काढवलीस. रोज बघत होतीस."

"व्हय."

"मला सांगितलं असतंस तर मी रडून घेतलं असतं. तेव्हा अंगात रडायची ताकद होती."

त्या दिवसापासून घरात भाकऱ्या मोजक्याच थापल्या गेल्या.

* * *

दाखला आला. त्यावर तीच तारीख होती, आठ वर्षांमागची, जेट्टीच्या कामाच्या पाच वर्षं आधीची. भागुबाई तरी तो घेऊन कचेरीत गेली. पांढऱ्या कपाळानं, मोकळ्या हातांनी. प्रांजली मॅडमनी तिला ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा आधी तिच्या मनगटांकडं बघितलं, मग कागदाकडं.

"मावशी, मी सांगितलं होतं ना."

"सांगितलेलंत."

"मग कुणी घातली ही तारीख?"

"मीच."

"अपील असतं. वकिलांना विचारून बघा. पण तारखेपुढं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. रजिस्टर उघडलं, फूटपट्टी ठेवली आणि एकोणचाळीस नंबरवर लाल रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. "इथं सही लागेल. कळवल्याची."

"माझी?"

"तुमचीच. 'मयताची पत्नी' लिहा पुढं."

"तुम्ही लिहा. मी खाली सही करते." मॅडमनी लिहून रजिस्टर तिच्याकडं वळवलं.

"मग हे पैसे आता कोणाचे?" सही करता करता तिनं विचारलं. भांडायला नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"सरकारजमा होतील."

"तिथंच होते ना ते?"

मॅडमनी रजिस्टर मिटलं.

ऋतिकाला तिनं एसटी स्टँडवरूनच फोन लावला. शेडमधल्या पंख्यांचा आवाज येत होता.

"मिळाले?"

"न्हाय गो."

पंख्यांचा आवाज. मग ऋतिका म्हणाली, "आई, कोर्टात तू 'माहीत नाही' म्हणाली असतीस तर..."

"व्हय."

"एवढंच तर म्हणायचं होतं."

"व्हय, बाय."

"ठेवते. मुकादम बघतोय."

भागुबाई घरी आली तेव्हा नीराबाई काठी घेऊन, पायांत चपला घालून ओट्यावर तयार बसल्या होत्या. पैशांचं त्यांनी विचारलं नाही. साक्षीनंतर पहिल्यांदा तिच्याकडं तोंड करून म्हणाल्या, "मला ती जागा दाखव."

किनाऱ्यानं अर्ध्या तासाची वाट, म्हातारीच्या पायानं तास गेला. भागुबाई पुढं, नीराबाई मागं. वळणाशी आल्यावर भागुबाईचे पाय थांबले. ती त्या दिवसानंतर इकडं कधी फिरकली नव्हती. सुरूची पुढची रांग उरलीच नव्हती. दरसालच्या उधाणांनी वाळू खाल्ली होती, चार खोडं मुळं वर करून आडवी पडली होती, आणि जिथं तिनं हातानं खड्डा केला होता तिथं, नाहीतर त्याच्या पन्नास पावलं अलीकडं किंवा पलीकडं, भरतीचं पाणी आत-बाहेर करत होतं.

"कुठं?" नीराबाईंनी विचारलं.

भागुबाईनं इकडं तिकडं बघितलं. पाणी अजून पोचलं नव्हतं अशी कोरडी वाळू तिनं शोधली, त्यातल्या त्यात उंच. बोट दाखवलं.

"हितं."

"नक्की?"

"व्हय, आये. हितंच."

नीराबाई काठीवर भार देत खाली बसल्या. वाळूवर दोन्ही तळहात टेकले. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. नुसता श्वास आत जात होता, बाहेर येत होता. भागुबाई शेजारी उभी राहिली. खाली बसायचा तिला धीर झाला नाही. भरती चढत होती. आणखी थोड्या वेळानं म्हातारीला उठवावं लागणार होतं.