डॉक्टरांची लाल गाडी

डॉक्टर दातांचे. त्यांच्या लाल, दोन सीटांच्या टर्बो स्पोर्ट्स कारला तीस वर्षांत दुरुस्तीसाठी मेकॅनिक मिस्त्रींखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. तसल्या गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या.

डॉक्टरांना पक्षाघात झाला आणि कारभार मुलाकडे गेला. मिस्त्री महिन्यातून एकदा जायचे, इंजिन चालू करायचे, टर्बो तापून निवेपर्यंत थांबायचे आणि हात पुसून निघायचे.

"डॉक्टर कसे आहेत?"

"ठीक. झोपलेत."

दोन वर्षं एवढंच.

मग गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं त्या दिवशी मुलगा उत्साहाने नुसता उतू जात होता. "गॅरेजमध्ये हवेतला ओलावा शोषणारं मशीन चोवीस तास चालू असतं. गंजाचा ठिपका दाखवा! सांगा ना काका." गिऱ्हाइकाने मऊ हातमोजे घालून दारावरून हात फिरवला.

मिस्त्री हात धुवायला आत गेले आणि बाथरूम समजून मागच्या खोलीचं दार ढकललं. कुबट वास अंगावर आला. भिंतीला बुरशी, गादी ओली आणि तिच्यावर डॉक्टर, पाठ सोलवटलेली. त्यांनी मिस्त्रींना ओळखलं. ओठ हलले.

मिस्त्री तडक गॅरेजमध्ये आले, मशीनचा प्लग उपटला आणि ते उचललं.

"काका, हे काय?"

"तुझ्या बापाच्या खोलीत नेतोय. लाज असेल तर दुसऱ्या बाजूने धर."

मुलगा गोरामोरा झाला. "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

गिऱ्हाईक घड्याळ बघत म्हणालं, "घरचं तुम्ही बघा हो. कागदांवर त्यांचा अंगठा चालेल ना?"

मिस्त्री त्याच्या बुटांशेजारी पचकन थुंकले आणि मशीन एकटेच आत घेऊन गेले.

गाडी आठवड्यात गेली. मिस्त्री मात्र रोज सकाळी डॉक्टरांकडे जाऊ लागले. अंग पुसायचे, जखमांना मलम लावायचे, घरून धुतलेल्या चादरी घालायचे. मुलगा अडवत नव्हता, हातही लावत नव्हता.

"किती करता हो तुम्ही त्यांचं," मिस्त्रींची बायको एकदा घरी म्हणाली.

"गप्प बस," मिस्त्री खेकसले. "भिंतीपलीकडे माणूस सडत होता आणि मी गाडीचं तेल बघत होतो. मलाच माझी किळस येते."

डॉक्टर आणखी पाच महिने जगले. ते गेले त्या दिवशी मुलगा गळ्यात पडून म्हणाला, "काका, आपण दोघांनी बाबांचं किती केलं!"

मिस्त्रींनी त्याचे हात बाजूला केले आणि सरळ घरी आले. अंगातला शर्ट त्यांनी धुवायलाही टाकला नाही, कचऱ्यात टाकला.