बिनधुराची कचरागाडी

गोंदियात कचरागाडीमागं मी सहा वर्षं चालले. गाडी पुढं, मी मागं, आणि आम्हा दोघींच्या मधे तिचा सायलेन्सर. लोकांच्या बादल्या घ्यायच्या, ट्रकात रिकाम्या करायच्या आणि येईल तो धूर गिळायचा. संध्याकाळी शेजारच्या मुर्री गावात घरी येऊन तोंड धुतलं की पाणी काळं व्हायचं. खोकला तर असा चिकटला, की दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "धुरापासून लांब राहा." मी म्हटलं, "साहेब, धूर माझ्या हातभर पुढं असतो. लांब कुठं जाऊ?" त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

दोन हजार दहानंतरची ही गोष्ट. कंत्राटदाराने नागपूरकडून गॅसवर चालणारी एक गाडी आणली. हवा खराब होते म्हणून वरून तगादा लागला होता म्हणे. मुकादमाने सांगितलं, एक महिना चालवून बघू. रोजचा ट्रक भरला आणि आमच्या ड्रायव्हरने होकार दिला, तर बाकीच्या गाड्याही गॅसच्या होतील. नाहीतर ही परत. ड्रायव्हर सगळ्यांत जुना, त्याच्या शब्दाला वजन. मी त्याला मामा म्हणायची.

मामाचा जीव मात्र जुन्या डिझेलच्या गाडीवर. नव्या गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "धूर नाई, आवाज नाई, हे का गाडी व्हय?" मला तर ही गाडी परत जाऊ द्यायची नव्हती. कारण पहिल्याच दिवशी गाडीमागं चालताना मला चौकातल्या तर्रीपोह्यांचा वास आला होता. सहा वर्षं त्याच चौकातून जात होते, पण धुरापुढं तो वास कधी नाकापर्यंत पोचलाच नव्हता. मी रस्त्यात एकटीच हसत सुटले. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

पण ट्रक अर्धाच भरला. जुन्या गाडीची घंटा कधीच तुटून पडली होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. ती गाडी रेल्वे फाटकापाशी असतानाच तिची धडधड गल्लीत पोचायची. बाया वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या आणि बादल्या बाहेर आणायच्या. नवी गाडी दारावरून गेली तरी कुणाला पत्ता नाही. नंतर मलाच धरायच्या.

"काऊन वो बाई, आज गाडी नाई आली?"

"आली ना. गेली बी."

"गाडी चोरावानी येऊन राहिली, अन् तू आमालेच बोलून राहिली."

आणि बादली नालीत.

मुकादमाने पितळेची घंटा बांधून दिली. तर लोक वाट्या आणि सुटे पैसे घेऊन बाहेर आले. आमच्या भागात घंटा वाजवत एकटा कुल्फीवालाच यायचा. कचरा बघून लेकरांनी भोकाड पसरलं आणि कुल्फीवाला भांडायला आला, "मेरा धंदा चौपट कर रहे हो." दुसऱ्या दिवशी घंटा काढली.

महिन्याचे दहा दिवस उरले. दिवसभर बडबडणारा मामा एकदम गप्प झाला होता. आरशातून मागं बघत गाडी हाकायचा, बस. ह्याने मनात 'नाही' ठरवलंय, हे मी ओळखलं, आणि मला रडूच आलं. पुन्हा त्या धुरात चालायचं म्हणजे माझं काही खरं नव्हतं.

मग माझी सटकली. आमच्याकडे लग्नात बाया वरपक्षाला गारी म्हणतात, म्हणजे चक्क गाण्यातून शिव्या. एकेकाला वेचून म्हणतात, आणि जो लपतो तो जास्त खातो. हिरव्या दाराच्या घरची बाई तीन दिवस बादली घेऊन आली नव्हती. मी तिच्या दारासमोर उभी राहिले आणि सूर लावला:

"हिरव्या दाराची बाई मोठी नखऱ्याची वो,
घर पुसते आरशावानी, बादली कचऱ्याची वो,
बादली कायले लपवते, निंघ भायेर वो."

इंजिन इतकं गरीब, की माझा आवाज पार टोकापर्यंत गेला. हिरवं दार उघडलं. शेजारची चार दारंही उघडली, कारण दुसऱ्याची गारी कोण सोडतं? ती बाई आधी चिडली, मग हसली, आणि दोन बादल्या घेऊन आली. जाताना हळूच म्हणाली, "उद्या माझ्या जावेवर बी म्हण."

मग काय विचारता. माझी गारी सुरू व्हायच्या आधीच लोक दारात उभे. कुणाची सून राहिली, कुणाचा मास्तर राहिला, सगळ्यांची फर्माईश. गारी ऐकायची चुकू नये म्हणून एका म्हाताऱ्याने माळ्यावरची अडगळ रोज थोडी थोडी काढली. मधे खोकला यायचा, पण दिवसेंदिवस कडवी लांबत गेली. ट्रक वरपर्यंत भरायला लागला.

शेवटच्या दिवशी मुकादम आला. "उस्ताद, गाडी तो भर गई. अब आप बोलो, रखना है या वापस?"

मामा खाली उतरला. गमछ्याने तोंड पुसलं. मी बादली घट्ट धरून उभी.

"ठेवा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सहा वर्सं हे बाई माह्या मागं खोकलून राहिली होती. मले ह्या गाडीत बसलो तवा पयल्यांदा ऐकू आलं."