गल्लीने शब्द पाळला

विनी चालायला निघाली की आमच्या पुंता सालीना गावातल्या बायका एकमेकींना म्हणत, "निघाली बघा. आता दुपारपर्यंत काही घर दिसायचं नाही तिला." चालायला सांगितलं होतं कॅनडातल्या डॉक्टरने. रोज अर्धा तास, झपझप, मध्ये न थांबता. त्या बिचाऱ्याने आमची गल्ली पाहिलेली नव्हती.

या गल्लीत कुणाच्या दारावरून मुकाट्याने पुढे जाणं म्हणजे त्या घराशी भांडण आहे, असं जाहीर करणं. विनीला, म्हणजे विनिफ्रेडला, हे कोण सांगणार? नवरा गेला, बर्फाचा कंटाळा आला, म्हणून ती समुद्राकाठच्या या गावात येऊन राहिली. पहिले काही दिवस कानात गाणी घालून, हात हलवत, नाकासमोर चालली. गल्ली हवालदिल झाली. "काही हरवलंय का हो तिचं?" "हरवलं असतं तर खाली बघत चालली असती. कुणीतरी मागे लागलंय." शेवटी मक्याच्या भाकऱ्या करणाऱ्या दोन्या तोमासाने (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब) भर रस्त्यात तिचं मनगट धरलं, खुर्चीवर बसवलं आणि तव्यावरची गरम भाकरी मीठ लावून हातात दिली. "आधी खा. मग काय पळायचं ते पळा."

तेव्हापासून ते चालणं कधी सरळ झालंच नाही. तोमासाकडे भाकरी. तिथून जाळी विणणाऱ्या सिरिलोच्या ओट्यावर त्याच्या गुडघ्याची चौकशी. ती केली नाही तर गुडघा जास्त दुखतो, असं तो म्हणायचा. मग कुणीतरी हाक मारणार, "दोन्या विनी, खालच्या अंगाला चाललाच आहात, तर जाताजाता एवढं पातेलं माझ्या बहिणीकडे द्या ना!" बहीण पातेलं रिकामं कसं परत देईल? ती त्यात काहीतरी घालणार आणि विनीला वाटाणे सोलायला बसवणार. अर्धा तास कुठल्या कुठे जायचा. पण बाई गुटगुटीत झाली आणि हसायला लागली.

गोंधळ झाला तो फोनमुळे. मुलगा ब्रेंट कॅनडातल्या थंडर बेहून फोनवर तोंड बघून बोलायचा. एकदा बघतो तर आई कुणाच्यातरी परसात, कोपरापर्यंत हात मासळीत!

"आई, तू त्या लोकांकडे कामाला आहेस?"

"काम कसलं? मी फिरायला आलेय."

ब्रेंटने थेट विमान पकडलं. आल्या आल्या बजावलं, "तिकडे वृद्धांसाठी चांगलं घर बघून ठेवलंय मी. दाराबाहेर नर्स असते. इथे तू एकटी. उद्या कुठे पडलीस तर कुणाला कळणार? मी दोन दिवस बघतो, आणि नाही पटलं तर तुला घेऊनच जातो."

विनीने त्याच संध्याकाळी दारोदार जाऊन आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत हात जोडले. "उद्या सकाळी मुलगा बरोबर असेल. उद्या एक दिवस मला हाक मारू नका. भाकरी नको, पातेलं नको, वाटाणे नकोत. मला नीट चालून दाखवायचंय."

"हो हो, का नाही!" तोमासा म्हणाली. "का नाही!" सिरिलो म्हणाला. आमच्याकडे कुणाला नाही म्हणायची पद्धत नाही, हे विनीला ठाऊक होतं. हो म्हणाले तरी दहातले आठ विसरतील, असाच तिचा हिशेब होता. पण इथे एका आईची लाज राखायची होती. असल्या कामात गल्लीला विसर पडत नाही.

सकाळी मायलेक निघाले, तर गल्ली स्मशानासारखी शांत. दारापुढे सडे पडलेले, पण मारणारी एकही बाई दिसेना. तोमासाचं दुकान बंद. तिचं दुकान लेकीच्या लग्नादिवशीही बंद नव्हतं! सिरिलोने कुत्रा आत बांधला होता आणि तोंडाळ पोपटावर चादर टाकली होती. पाववाला कोपऱ्यावर आला, विनीला पाहिलं आणि शिट्टी न वाजवता सायकल हातात धरून चवड्यांवर मागे गेला.

विनी झपझप चालली. डॉक्टरच्या स्वप्नातलं चालणं! ब्रेंटचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुला इथे कुणी ओळखतसुद्धा नाही गं."

"अरे, सगळे आत आहेत. पडद्याआड उभे आहेत. मीच सांगितलंय त्यांना बाहेर येऊ नका म्हणून."

ब्रेंटने तिच्याकडे काळजीने पाहिलं. एकटं राहून माणसाला असले भास होतात, असं त्याने कुठेतरी वाचलं असावं. "घरी जाऊ या," तो म्हणाला. "मी तिकिटाचं बघतो."

विनीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मुलाचा, डॉक्टरचा आणि या शहाण्या गल्लीचा. ती भर रस्त्यात, ओल्या सड्यावर, फतकल मारून बसली.

"पडली!" तोमासाची किंकाळी पोचायच्या आत दारं उघडली. पाण्याचा तांब्या आला, खुर्ची आली, चोळायला दारूची बाटली आली. सिरिलो तर दुखरा गुडघा विसरून पळत आला. तोमासा ब्रेंटवर उखडली, "काय रे घोड्या! आई रस्त्यात पडलीये आणि तू खांबासारखा उभा? हेच शिकवतात का तुमच्याकडे?" घोड्याला अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. तो चटकन वाकला.

"मी पडले नाही, मी बसलेय!" विनी ओरडत होती. ऐकतो कोण? तिला खुर्चीसकट उचलून तोमासाच्या दुकानात नेलं. ब्रेंटला शेजारी दाबून बसवलं आणि त्याच्या हातात मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडलेल्या तमालांची ताटली दिली. बायका विनीचे पाय चोळत होत्या आणि एकमेकींना दोष देत होत्या. कुणाच्या डोक्यातून निघालं होतं हे दार लावून बसण्याचं खूळ?

पहिला तमाल संपल्यावर ब्रेंट म्हणाला, "बरं. कळलं मला."

विनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. बायको सोडून गेल्यापासून तो बाराव्या मजल्यावर एकटाच राहत होता.

"आणि ब्रेंट, तिकडे तू पडलास तर रे?"

ब्रेंट ताटलीतल्या रिकाम्या पानाच्या घड्या घालू लागला. तोमासाला त्यांची भाषा येत नव्हती, पण तिने त्याचा चेहरा पाहिला आणि न विचारता आणखी दोन तमाल वाढले.