उत्तरेकडचा हॉल

आमच्या कॉलेजच्या सचिवांनी मला फसवलं. नव्या इमारतीतला उत्तरेकडचा हॉल ग्रंथालयाला देतो म्हणाले, त्या बोलीवर माझं सागवान घेतलं, आणि हॉल कमिटीच्या बैठकांना ठेवला.

मी सातवी शिकलेला लाकडाचा ठेकेदार. कॉलेजच्या कमिटीवर मला घेतलं ते लाकडासाठीच. त्या वर्षांत चांदा जिल्ह्याचा कारभार नागपूरहून मुंबईकडे गेला होता आणि परीक्षा पुढे मराठीत होणार, असं जो तो बोलत होता. अशात ग्रंथपालानं पाच वर्षांची योजना मांडली. त्यात काचेची कपाटं आणि जाड इंग्रजी ग्रंथ, एवढंच होतं.

मी विचारलं, "मास्तर, पाच वर्षांनं इथी कोण येईन?"

"विद्यार्थी येतील."

"कुठून?"

ते त्याला माहीत नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्या गाड्या गडचिरोली-पोंभुर्ण्याकडून लाकूड आणत. कुठल्या गावात शाळेला वरचे वर्ग जोडले, कुठे छपराखाली मॅट्रिकची तयारी चालली, हे मी येता-जाता पाहत होतो.

"तिकडची पोरं येतीन," मी म्हणालो. "भाड्याच्या खोलीत चौघं राहतीन. वाचाले बसतीन कुठी? तुमच्या कपाटात?"

ग्रंथपाल समजूतदार निघाला. आठ दिवस माझ्या डेपोत ओंडक्यावर बसून आम्ही योजना नव्यानं लिहिली. काच नको, उघडे रॅक हवे. लागणाऱ्या पुस्तकाच्या पाच-पाच प्रती, मराठीतली आधी. ज्यांची जोडलेली पानं अजून कोणी कापून उघडलीसुद्धा नाहीत, ते जाड ग्रंथ मागच्या भिंतीला. बाकं भरपूर, आणि काही रॅक मुद्दाम रिकामे.

सचिव वकील होते. कागद वाचून हसले. "रिकामे रॅक काऊन, भाऊ? दुकान काढून राह्यले काय?"

"माल येनार आहे, वकीलसाहेब. जागा आधी लागते."

सगळी योजना उत्तरेकडच्या हॉलवर उभी होती. दिवसभर उजेड, ऊन नाही, आणि साठ जण बसतील एवढी जागा. दोन तास घासाघीस केली. शेवटी मी सागवान द्यायचं ठरलं आणि सचिव म्हणाले, "हॉल तुमचा झाला, भाऊ."

लिलावात बोली सुटली की आम्ही आपल्या नावाची लोखंडी छाप हातोड्यानं लाकडावर मारतो. मग त्या ओंडक्याला दुसरा कोणी हात लावत नाही. मी तेच केलं. हॉलच्या दाराच्या चौकटीवर छाप मारली आणि निश्चिंत झालो. कागद करून घेतला नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपली तेव्हा माझे रॅक व्हरांड्यात होते. हॉलमध्ये लांब टेबल, त्यावर हिरवं कापड. चौकट रंधा मारून पॉलिश केली होती.

"माझी छाप कुठी गेली?" मी विचारलं.

सचिव म्हणाले, "भाऊ, छापेवर हॉल भेटते काय? हे कॉलेज आहे का डेपो?"

मी खुर्ची लाथेनं पाडली. शिपायानं ती सरळ केली.

तरी योजना चुकली नाही. पोरं आली, मी सांगितलं होतं तिकडूनच आली, आणि व्हरांड्यातच वाचायला बसली. मराठी प्रतींचे कोपरे वर्षात मऊ पडले. मी दर गुरुवारी बाकाच्या टोकाला बसायला जायचो. एकदा ग्रंथपालाशी लाकडाचं बोलत होतो, तर गडचिरोलीकडची एक मुलगी वळून म्हणाली, "बाबाजी, हळू बोला ना, आमी वाचून राह्यलो." मला तोंडावर बोललेलं खपत नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, आणि घरी जेवताना बायकोला ते दोनदा सांगितलं.

तिसऱ्या वर्षी व्हरांडा भरला. पोरं पायऱ्यांवर बसू लागली, काही उभ्यानं पाहून परत जाऊ लागली. भिंतीपलीकडे हॉलला कुलूप. कमिटीची बैठक महिन्यात एकदा, तीही तासाभराची.

परत गेलेली ती पोरं कोणाच्या मोडलेल्या शब्दापायी परत गेली? वकीलसाहेब अजून आहेत, बोलताही येतं त्यांना. त्यांनी कमिटीसमोर उभं राहून याचं उत्तर द्यावं.