पूर्वपक्ष

कचेरीच्या जिन्याखाली माझं झेरॉक्सचं मशीन आणि शेजारी मास्तरांचं टेबल. पस्तीस वर्षं शाळेत निबंध शिकवून निवृत्त झालेला हा माणूस लोकांना अर्ज लिहून द्यायचा. त्यांच्या अर्जाला नाही म्हणताना भल्याभल्या साहेबांची जीभ अडखळायची.

रीत ठरलेली. आधी विश्वास बसेल अशी ओळख, मग हकीगत, मग पुरावे, काळजाला हात घालणारी विनंती अगदी शेवटी. पण मास्तरांचा खरा जीव पूर्वपक्षात. "समोरचा काय आक्षेप घेईल ते आपणच मांडायचं," ते म्हणायचे. "त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, मग खोडायचं."

पुढे मास्तरीणबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या जागा मोजक्या. कुणाला द्यायच्या ते समिती अर्ज वाचून ठरवायची. मास्तर आठ दिवस तो अर्ज लिहीत बसले. पानं झाली दोन. पहिलं मशीनवर ठेवताना वाचलं आणि मी ते परत उचललं. रुग्णाचं वय अडुसष्ट, हृदय कमकुवत. हीच जागा एखाद्या तरुण आईला देणं न्यायाचं, असं कुणी म्हणेल.

"मास्तर, हे काढा की! आपल्याच पायावर धोंडा कशाला?"

"अगं, दुसरं पान वाच. तिथं खोडलंय."

दुसरं पान दगडाला पाझर फोडणारं होतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. त्या पानाची एक प्रत मात्र स्वतःसाठी काढून ठेवली.

पंधरा दिवसांत नकार आला. 'अर्जदाराने स्वतःच मान्य केल्याप्रमाणे' आणि पुढे मास्तरांचंच वाक्य, स्वल्पविरामासकट. मेल्यांनी पान उलटायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते.

मास्तरांना एकटं सोडवेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर घरी गेले. बाई खाटेवर, पाय सुजलेले. "वाचा ना," म्हणाल्या. मास्तरांनी नकाराचं पत्र अक्षर न गाळता वाचलं.

"भाषा छान आहे हो. तुमचीच वाटते."

मास्तरांनी पत्राची घडी घातली.

"मग आता खोडा की," बाई म्हणाल्या.

मी पिशवीतून दुसऱ्या पानाची ती प्रत काढून मास्तरांच्या हातात दिली. त्यांना पहिली ओळही वाचता येईना. शेवटी मीच ते सगळं पान वाचलं, मोठ्यानं, दोनदा.