सुभेदार आणि खोटा ढग

सुभेदारसाहेबांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. पहिल्याच दिवशी माझ्या कानाखाली वाजवली अन् मग इचारलं, "नाव काय तुझं?" मी चपला घालून रडारच्या खोलीत शिरलो होतो.

दुष्काळ लई वाईट. टँकरपाशी हंड्यांनी डोकी फुटायची. ढग हुडकायला सरकारनं शहरात एका कचेरीच्या गच्चीवर रडार बसवलं. सुभेदार फौजेतले रिटायर, सारी उमर रडारवर गेलेली. ते ढग दाखवायचे, मग पाऊस पाडायला विमान जाऊन त्याच्यावर औषध फवारायचं. मी झाडू मारायला. शाळा बघितली नाय, पण मार खायला शाळा लागत नाय.

एक दिवस पडद्यावर औरंगपुऱ्याच्या अंगाला लांबच लांब पट्टा उमटला. विमान गेलं, फवारून आलं. आभाळ कोरडं! साहेबांनी रडारची हाक, म्हंजे त्यातनं सुटणाऱ्या लहरी, बंद केली, नुसता कान उघडा ठेवला. पट्टा तसाच.

"ढग आपल्या हाकेला ओ देतो," साहेब म्हणाले. "आपण गप बसल्यावर बी जो बोंबलतो, तो दुश्मन. फौजेत असंच हुडकायचो."

लहान अँटेना घेऊन दोघांनी गच्च्या पालथ्या घातल्या. एका नव्या बिल्डिंगीवर इंटरनेटची डिश, तोंड सरळ आमच्याकडं. बोंबलत होती ती हीच.

"कोणत्या गाढवानं लावली?"

"साहेब, गाढव तुमच्या मागंच उभंय."

सुट्टीच्या दिवशी मी डिशी बसवायचो. त्या दिवशी माझी दाढ गेली.

डिश उतरवून खोलीत परतलो, तर जिन्यातून माणसं चढली, हातात गज. कोरडं आभाळ फवारल्याची बातमी फुटली होती. "पाऊस पळवता व्हय रे? तोड डालो मशीन!" मी टेबलाखाली.

"खोटा ढग कोणी दाखवला?"

साहेब दार अडवून उभे राहिले. "मी. मला मारा. मशीनला हात लावायचा नाय."

जन्मभर दुसऱ्याला झोडपणाऱ्या माणसानं एकदा बी हात उचलला नाय. खांद्याचं हाड मोडलं ते मला खाली ऐकू आलं. "डिश माझी होती," एवढंच बोलायचं होतं मला. नाय निघालं तोंडातून.

पोलिसांनी गर्दी पांगवली, साहेबांना रिक्षात घातलं. जाताना म्हणाले, "मशीन बंद करू नको." ते परत कामावर आलेच नाय.

त्या दिवशी मी मशीन चालू ठेवली. पडदा साफ होता. दिवस कलताना सोयगावच्या अंगाला एक ठिपका उमटला, फुगत गेला, लाल झाला, म्हंजे पाण्यानं भरलेला. विमानवाले वायरलेसवर ओरडत होते, "साहब, बादल है क्या? बोलो, जल्दी बोलो!"

कोणतं बटण दाबून बोलायचं, ते मला ठाऊक नव्हतं.