पुढचा वरचा दात

आधी आपाचं सांगतो. दातांच्या त्या दवाखान्यात हत्यारं उकळून ठेवणारी, पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरणारी ती बाई. ती बोलली म्हणून माझा दात राहिला. बाकीच्यांची लायकी पुढं कळेलच.

मी किनवटकडचा. घरी मेंढरं. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत औरंगाबादेत एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायला लागलो. त्याची चोच वरच्या पुढच्या दातांना टेकवून फुंकावी लागते. चितेगावच्या एका वरातीत नाचणाऱ्या पाव्हण्याचा कोपर वाद्यावर बसला आणि माझा दात दुखावला. महिन्याभरात तो काळा पडला, वर हिरडीवर पुवाची पुळी उठली. चोच टेकवली की मस्तकात कळ जायची. क्लॅरिनेट सुटलं तर मला दुसरं काय येतं, ह्या भीतीनं जेवण जाईना.

आमचा मास्तर म्हणाला, "फुंकून वाजवतो का चावून?" सगळे हसले. हा मास्तर स्वतः कवळी लावून ट्रंपेट वाजवायचा. ते किती भिकार वाजायचं, हे शेजारी उभं राहणाऱ्या मला विचारा. त्यानं लवंग दाबून धर म्हणून सांगितलं.

शेवटी दवाखाना गाठला. भिंतभर प्रमाणपत्रं, खाली काचेच्या पेटीत मासे. डॉक्टर माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा. त्यानं आधी माझ्या चपला पाहिल्या, मग तोंड. म्हणाला, काढून टाकू, मोकळा होशील. माझ्या आधी गाडीतून आलेल्या बाईला तो अर्धा तास रूट कॅनल समजावत होता: मुळातली मेलेली नस काढायची, आत साफ करून भरायचं, दात जागेवर राहतो. ते मी बाकड्यावर बसून ऐकलेलं. मला त्यानं त्यातलं अक्षर सांगितलं नाही. आणि मी? मान डोलावली. सुई टोचायची म्हटलं तर आमचं मेंढरूसुद्धा चार पाय झाडतं.

डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा आपानं विचारलं, "काम क्या करता रे तू?" मी सांगितलं. चोच कुठं टेकते ते बोटानं दाखवलं. तो आत आला तशी ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा दात काढायचा नाय. पोरगा ह्याच्यावरच वाजवतो. नस काढून भरता येईल ना?"

येईल की, तो म्हणाला, पण ही असली माणसं पहिल्या खेपेनंतर फिरकत नाहीत.

"येईल. मी आणीन," आपा म्हणाली.

पहिल्या खेपेनंतर ठणका थांबला आणि मी खरंच गेलो नाही. त्या दीडशहाण्याचं बोलणं मीच खरं करत होतो. चार दिवसांनी आपा बँडच्या दुकानात येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक समजून मास्तरनं अदबीनं खुर्ची पुढं केली, लग्न कोणाचं म्हणून विचारलं.

"लग्न नाय. ह्याचा दात," ती म्हणाली आणि मला घेऊन गेली.

आणखी दोन खेपा झाल्या. नंतर पंधरा दिवस मला फुंकायची बंदी होती, म्हणून मास्तरनं झांजा दिल्या आणि सगळ्यांदेखत मला जावईबापू म्हणायला लागला. मग गंगापूरच्या लग्नात क्लॅरिनेट धरलं. चोच टेकवली. कळ आली नाही. अख्खा अंतरा न थांबता वाजवला. मास्तर म्हणाला, बघ, लवंगेनं गुण आला.

आता आपाचे गुडघे गेलेत. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर ती घाबरते. माझ्यासाठी बोलली, स्वतःसाठी बोलत नाय. पांढऱ्या कोटासमोर माझीही जीभ अजून अडकतेच. तरी ती ज्या दिवशी गुडघे दाखवायला जाईल, त्या दिवशी मी तिच्या शेजारी उभा राहीन, आणि ही बाई दिवसाचे किती तास उभी असते, किती जिने चढते, ते डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगीन. एवढे उपकार मी फेडणार आहे.